मिथेनने ब्रोमीन जलाचा रंग फिका का केला?

प्रश्न

8.2 ग्रॅम सोडियम ॲसिटेट आणि त्याच्या सुमारे तिप्पट सोडा लाइम (सोडियम हायड्रॉक्साइड ही अल्कली व चुना यांचे मिश्रण) हे एकत्र करून कठीण काचेच्या परीक्षानळीत तापवून मी मिथेन तयार केला व पाण्यावर वायुपात्रांत गोळा केला. वायू रंगहीन होता, ओल्या लिटमसवर त्याचा परिणाम झाला नाही आणि पेटवल्यावर तो फिकट निळ्या ज्योतीने जळला. वायूचा वेग मंदावल्यावर मी नळीचा तळ लालसर होईपर्यंत आच वाढवली आणि त्या वेळी निघणारा वायू थेट ब्रोमीन जलातून (पाण्यात विरघळलेल्या ब्रोमीनमधून) पाचेक मिनिटे जाऊ दिला. त्याचा नारिंगी रंग हळूहळू जवळजवळ नाहीसा झाला. मिथेन संपृक्त हायड्रोकार्बन (फक्त एकेरी बंध असलेले कार्बन-हायड्रोजनचे संयुग) असल्यामुळे असे व्हायला नको होते. मला मिळालेला वायू मिथेन नव्हता का?

पहिला प्रतिसाद

वायू मुख्यतः मिथेनच असावा, पण तो शुद्ध नसावा. मिथेनच्या रेणूत कार्बनचे चारही बंध हायड्रोजनशी एकेरी असून ते एकमेकांशी 109.5 अंशांचा कोन करतात. ब्रोमीनला जोडून घेता येईल असा दुहेरी बंध तेथे नाही. अंधारात, साध्या तापमानाला, मिथेन ब्रोमीन जलाला हात लावत नाही. परंतु जास्त आचेवर या मिश्रणातून थोडे एथिलीन बाहेर पडते, आणि एथिलीनमध्ये दुहेरी बंध असल्यामुळे ते ब्रोमीनचा रंग झटपट घालवते. सोडियम ॲसिटेट स्वतः विघटित झाल्यास ॲसिटोनची वाफही मिळते व तीही ब्रोमीनशी अभिक्रिया करते. आपण नेमका शेवटचा, सर्वाधिक तापवलेल्या मिश्रणातला वायू तपासला आहे.

आणखी एक कारण आहे आणि ते बहुधा कोणी लक्षात घेत नाही. ब्रोमीन बाष्पनशील आहे. पाच मिनिटे कोणताही वायू बुडबुड्यांनी सोडत राहिलात, तर तो ब्रोमीनची वाफ आपल्याबरोबर बाहेर नेतो. म्हणून तेवढ्याच वेगाने, तेवढाच वेळ, दुसऱ्या नळीतील ब्रोमीन जलातून नुसती हवा सोडून पाहा. ही तुलना केल्याशिवाय रंग अभिक्रियेने गेला असे म्हणता येत नाही. दोन्ही नळ्या प्रयोगशाळेतील वाफ बाहेर खेचणाऱ्या धुरांड्याखाली ठेवा, कारण ती वाफ घातक आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यात सोडा लाइमचा विचार राहून गेला. वायू थेट नेला असेल तर त्याच्याबरोबर अल्कलीचे सूक्ष्म कणही गेले असतील, आणि सोडियम हायड्रॉक्साइड ब्रोमीन जलाला रंगहीन करते. तेव्हा वायू आधी अल्कलीयुक्त पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणातून न्यावा, म्हणजे एथिलीन तेथे अडकेल, आणि मग पाण्यातून धुवून घ्यावा. प्रकाशाचाही विचार हवा: उन्हात ब्रोमीनच्या रेणूचे अणू सुटे होतात आणि मुक्त मूलकांची (अशा सुट्या, अतिक्रियाशील अणू-गटांची) साखळी सुरू होऊन मिथेनमधील हायड्रोजनच्या जागी ब्रोमीन बसू शकतो. ही प्रतिस्थापन अभिक्रिया आहे, योग अभिक्रिया नव्हे. नळीला काळा कागद गुंडाळा.

आपले सोडियम ॲसिटेट खरोखर निर्जल होते का, हेही विचारावेसे वाटते. नेहमीच्या स्फटिकांत वजनाच्या जवळजवळ 40 टक्के पाणी असते; ते आधी वितळवून, कोरडे करून, कुटून घ्यावे लागते. 8.2 ग्रॅम निर्जल क्षारातून प्रमाण तापमान व दाबाला जास्तीत जास्त 2.24 लिटर मिथेन मिळू शकतो. सोडा लाइममधील चुना मिश्रण कोरडे व सच्छिद्र ठेवतो आणि काचेला अल्कलीपासून वाचवतो. नळीचे तोंड किंचित खाली झुकलेले असावे, अन्यथा साचलेले पाणी तापलेल्या तळाकडे वाहते व काच तडकते.

सुरुवातीचा वायू कधीही पेटवू नका. त्यात नळीतली हवा मिसळलेली असते, आणि हवेत मिथेनचे प्रमाण 5 ते 15 टक्के असताना मिश्रण स्फोटक असते. आच बंद करण्यापूर्वी वाहकनळी पाण्याबाहेर काढावी. नाहीतर पाणी उलटे चढते.

तिसरा प्रतिसाद

हेतू केवळ गुणधर्म तपासण्याचा असेल, तर ॲल्युमिनियम कार्बाइडवर पाणी टाकून मिथेन मिळवावा असे मी सुचवीन. तेथे भाजण्याची गरज नाही, त्यामुळे एथिलीन व ॲसिटोन यांचा प्रश्नच येत नाही. कार्बाइडमध्ये मोकळे ॲल्युमिनियम असल्यास थोडा हायड्रोजन येऊ शकतो, पण तो ब्रोमीन जलाचा रंग घालवत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी मंद आचेवर प्रयोग पुन्हा केला, वायू परमँगनेटमधून व पाण्यातून धुवून घेतला आणि काळ्या कागदाने झाकलेल्या दोन नळ्यांत, एकीत वायू व दुसरीत हवा, सारख्याच वेगाने पाच मिनिटे सोडली. दोन्हींतला नारिंगी रंग थोडा उतरला, पण तो सारखाच उतरला. परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणात मात्र बारीक तपकिरी गाळ दिसला, म्हणजे एथिलीनसारखे काही तेथे अडकले असावे.