विषय: ट्रकच्या शाफ्टचे क्रॉस घरी बदलता येतील का?

प्रेषक: मखर समिती (ट्रकवाला)

मंडळी, नमस्कार.

मंडळाचं मखर आणि स्पीकर वाहणारा आपला तोच जुना शेव्ही सिल्व्हराडो. ‘डी’मधून ‘आर’मध्ये टाकला की खालून ‘टण्’ आवाज येतो. हळू चालवताना चिमणीसारखी चिवचिव, आणि ताशी ६० मैलांच्या पुढे सीट थरथरते. गॅरेजवाला म्हणाला, ड्राइव्हशाफ्टचे (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) दोन्ही यू-जॉइंट, म्हणजे टोकांचे अधिक-चिन्हासारखे क्रॉस, गेलेत. त्याने सांगितलेला आकडा ऐकून गाडी तशीच परत आणली. हे घरी ड्राइव्हवेवर होईल का? गणपती तोंडावर आलेत.

---

प्रेषक: खजिनदार

दुरुस्ती मंडळाच्या खात्यातून होणार नाही, आधीच सांगून ठेवते. पण मूर्ती त्याच ट्रकमधून आणायची असेल, तर ‘चालतंय तोवर चालवू’ हे नको.

---

प्रेषक: दापोडीवाले काका

अरे, खजिनदार ताईंचं बरोबर आहे. पुढचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर शाफ्टचं तोंड रस्त्यावर आपटतं. फ्लोअर फाटलेल्या गाड्या मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपात पाहिल्या आहेत.

आधी गॅरेजवाल्याचं निदान स्वतः तपास. चाकांना पुढून-मागून ठोकळे लाव, हँडब्रेक ओढ, गिअर न्यूट्रल कर. शाफ्ट हाताने पिळलास तर थोडा हलणारच; ती मागच्या आसावरच्या डिफरन्शिअलच्या दातांमधली ढिलाई, तिला घाबरू नकोस. नजर क्रॉसवर ठेव. त्याच्या दोन बाजूंचे योक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे चिमटे) एकमेकांपासून वेगळे हलताना दिसले किंवा क्रॉसच्या टोकांवरच्या कपांच्या कडेने लाल भुकटी आली असेल, तर तो संपला. चिवचिव त्याचीच: आतल्या बारीक सुयांचं ग्रीस गेलं की त्या गंजतात. मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ बाकीचं काम करतं.

आता मुख्य मुद्दा. हातोडी उचलण्याआधी क्रॉस कशाने अडकवलाय ते बघ. फोर्डवर बहुधा कपाबाहेर सर्क्लिप (कप अडकवणारी स्प्रिंगची कडी) दिसते. तुझ्या ट्रकच्या पिढीच्या जीएम (शेव्हीची मूळ कंपनी) गाड्यांवर कंपनीचा मूळ क्रॉस असेल तर सर्क्लिप सापडणारच नाही, कारण कारखान्यात कपाभोवतीच्या खाचेत वितळलेलं नायलॉन भरलेलं असतं. लोक तिथे तासन्‌तास ठोकत बसतात. योकचा कान गॅसच्या टॉर्चने तापवला की बारीक भोकातून नायलॉन फसफसत बाहेर येतं, मग कप दाबाने सुटतो. नव्या क्रॉसला सर्क्लिप असते, कानाच्या आतल्या बाजूने बसणारी.

पण शाफ्टला चुंबक चिकटतो का, ते आधी बघ. चिकटला नाही तर अ‍ॅल्युमिनियम. ते तापताना रंग बदलत नाही, त्यामुळे केव्हा मऊ पडलं ते कळत नाही, आणि हातोडीने पोचा आला की शाफ्टच बाद. अशा वेळी शाफ्ट तू काढ आणि क्रॉस बसवायला ड्राइव्हशाफ्टच्या दुकानात दे. त्यात कमीपणा नाही, मीही तेच करीन.

गाडीचा मागचा भाग स्टँडवर घे, पुढच्या चाकांचे ठोकळे तसेच राहू देत. शाफ्ट निघाला की ‘पार्क’ला काही अर्थ उरत नाही. तो गिअरबॉक्स अडवतो, चाकं नाही. हे विसरून माणसं गाडीखाली गेली आहेत.

काढण्याआधी शाफ्ट, पिनियनचा (मागचा, डिफरन्शिअलकडचा) योक आणि गिअरबॉक्समध्ये सरकणारा पुढचा स्लिप योक, तिघांवर रंगाची खूण कर. एकटा क्रॉस कोनात फिरला की दर फेऱ्यात दोनदा वेग घेतो, दोनदा सोडतो. दुसरा क्रॉस ते भरून काढतो, पण दोघे एका रेषेत असले तरच. स्लिप योक बाहेर ओढलास की गिअरबॉक्सचं तेल गळतं, प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधून ठेव.

नवा क्रॉस मापाने घे, गाडीचं साल सांगून नाही. एकाच सालात दोन मापं निघतात. कप दाबताना क्रॉसची दांडी कपात सरकवून ठेव, नाहीतर एखादी सुई आडवी पडते आणि सर्क्लिपची खाच दिसतच नाही. अशा वेळी जोर लावू नकोस, कप परत काढ. शेवटी योकच्या कानांवर हलकेच टोले दे, म्हणजे जॉइंट मोकळा फिरतो.

ग्रीस भरायच्या निप्पलवाला घ्यायचा की सीलबंद? तू ग्रीस गन हातात धरणाऱ्यातला नाहीस. सीलबंद घे.

---

प्रेषक: व्यासपीठ समिती

काका, माझा फोर-बाय-फोर आहे. पुढच्या शाफ्टला ट्रान्स्फर केसकडे (पुढच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) दोन क्रॉस जोडीने आहेत. तेही घरी करू का?

---

प्रेषक: दापोडीवाले काका

नको गं, तो दुकानात दे. त्या जोडीच्या मधला बॉल आणि स्प्रिंगही झिजलेली असते, अर्धं काम करून उपयोग नाही.

---

प्रेषक: मखर समिती (ट्रकवाला)

काका, चुंबक चिकटला. सर्क्लिप कुठेच दिसत नाही, म्हणजे नायलॉनच. कप दाबून काढायचा प्रेस ऑटोझोन या पार्टच्या दुकानातून डिपॉझिट भरून आणतो. टॉर्च कुणाकडे आहे?

---

प्रेषक: दापोडीवाले काका

माझ्याकडे आहे. शनिवारी सकाळी येतो. काम ड्राइव्हवेवर, गॅरेजच्या आत मुळीच नाही; जळक्या ग्रीसचा धूर वाईट. आग विझवायचं सिलिंडर जवळ ठेव, आणि शाफ्ट मी येईपर्यंत उतरवून ठेव.