घरातल्या प्राण्याचं कोण काय बघतं? तुमचे अनुभव

खिडकीतली
माळा आवरताना जुनं कॅलेंडर हाती लागलं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत बरोबरच्या तीन खुणा: सकाळ, संध्याकाळ, फिरवलं. आमच्या काळूचं!

झालं असं की काळू गोल व्हायला लागला. डॉक्टरांनी बरगड्या चाचपल्या, हाताला लागेचनात. किती देता विचारलं. आई म्हणाली, सकाळी एक वाटी. बाबा म्हणाले, अगं, सकाळी तर मी देतो. मी गप्प, कारण कॉलेजला निघताना मीही देत होते. पठ्ठ्या तिघांपुढे तोच उपाशी चेहरा घेऊन बसायचा. आणि संध्याकाळी फिरवायची वेळ आली की "मला वाटलं तू नेलंस".

मग हे कॅलेंडर. शेजारी दोऱ्याने बांधलेलं पेन. एका चौकटीत बाबांच्या अक्षरात "दिलं. परत मागतोय. देऊ नये." त्याखाली आईचं, "आणि तुमची बीपीची गोळी?"

तुमच्याकडे कसं चालतं? लिहा.

शेपूटवाले
आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, मांजराच्या नावाने. मांजर सोडून सगळं असतं त्यात.

पावसाळी
दोऱ्याने बांधलेलं पेन 😂 आमच्याकडे फोनजवळ असायचं. पेन जायचं, दोरा राहायचा.

मांजरांची मावशी
हसण्यासारखं नाही माझं. कुत्र्याचे गोचिडांवरचे थेंब दिरांनी मांजरीला लावले. मदत म्हणून हं. त्यात पर्मेथ्रिन होतं, कुत्र्याला चालतं पण मांजराला विष. काही तासांत कान थरथरायला लागले, मग पाय, मग झटके. दवाखान्यात आधी तिला धुऊन काढलं, मग रात्रभर सलाईन. वाचली. आता दोघांच्या औषधांचे डबे वेगळ्या खोल्यांत, तिच्या डब्याला लाल चिकटपट्टी. दीर अजून तिच्या नजरेला नजर देत नाहीत.

पावसाळी
बापरे. माणसांच्या पॅरासिटमॉलचंही तेच ना?

मांजरांची मावशी
हो. अर्धी नाही, पाव नाही, काहीच नाही.

काचपेटी
मासेवाल्यांना कोणी विचारतच नाही. चौघांनी चिमूट चिमूट टाकलं की उरलेलं कुजतं, पाणी दुधाळ. शेवटी सात खणांची गोळ्यांची डबी आणली, आजोबांची असते तशीच. खण रिकामा म्हणजे मासे जेवले. आजोबांनी एकदा चुकून... जाऊ दे.

शेपूटवाले
जाऊ दे काय, सांगा!!

काचपेटी
चव बरी होती म्हणाले.

अर्धी रात्र
रूममेट आणि मी मिळून मांजर आणलं. खाणं तिच्याकडे, शी-शूचा ट्रे माझ्याकडे. मांजर अर्थातच तिच्या उशीवर झोपतं. एकदा दोघी बाहेर, दोघींनाही वाटलं दुसरी घरी आहे. बाईसाहेब दीड दिवस उपाशी. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतावर येतं हे त्या दिवशी कळलं, हात-पाय गार पडले माझे. आता ती नोकरीसाठी दुसरीकडे चाललीये आणि लसीच्या कार्डावर मालक म्हणून तिचं नाव आहे, कारण त्या दिवशी मला रजा मिळाली नव्हती. दोन वर्षं ट्रे मी उपसला. आणताना हेही बोलून घ्या रे.

पावसाळी
अरेरे. बोललीस का तिच्याशी?

अर्धी रात्र
उद्या बोलते. गेले तीन आठवडे उद्याच बोलतेय.

सकाळची पाळी
मुलांनी "आम्ही सगळं करू" म्हणून पिल्लू आणायला लावलं. पंधरा दिवस केलं, खोटं नाही बोलणार. आता पहाटे पाचला मी आणि तो. परवा लेक स्वतःहून उठून पट्टा शोधत होती तर मलाच राग आला, आमच्या मध्ये ही कुठून! कुकर लावलाय, नंतर येते.

खिडकीतली
बाबांना कॅलेंडर दाखवलं. चष्मा लावून निरखून म्हणाले, १४ तारखेची फिरवल्याची खूण माझी नाही.
माझी आहे. फिरवलं नव्हतं त्या दिवशी.