मदत हवी आहे: 'द व्हॅलियंट वन्स' कुठे बघायला मिळेल?

मंडळी, दिग्दर्शक किंग हूचा १९७५ चा पिक्चर 'द व्हॅलियंट वन्स' इंग्रजी सबटायटल्ससकट, चांगल्या प्रिंटमध्ये भारतात कुठे मिळेल का? मिंग राजघराण्याच्या काळात चीनच्या किनाऱ्यावर लुटालूट करणाऱ्या जपानी चाच्यांशी मूठभर तलवारबाज भिडतात ती गोष्ट, सॅमो हंग त्यात चाच्यांचा म्होरक्या आहे आणि फायटिंगही त्यानेच बसवलंय. क्लिप्स बघून जीव भरत नाही हो, अख्खा पिक्चर मोठ्या स्क्रीनवर बघायचाय.

अजून एक, खऱ्या इतिहासात या टोळ्यांत बरेचसे चिनीच होते ना, समुद्री व्यापारावर बंदी आल्यामुळे स्मगलिंगकडे वळलेले, आणि १५६७ ला ती बंदी सैल झाली, तर यावर एखादं सोपं पुस्तक माहीत असेल तर प्लीज सांगा.