उत्तर: ४ मीटर पाण्यात यंत्र ८ का दाखवतं?

दादा, आजव्याच्या तलावात २०० किलोहर्ट्झचा इको-साउंडर (तळाकडे आवाज सोडून प्रतिध्वनी यायला लागणाऱ्या वेळावरून खोली मोजणारं यंत्र) एकाच जागी कधी ४, कधी ८ मीटर दाखवतो, आणि वर कुणीतरी वडोदऱ्याच्या उन्हाळ्याला दोष दिलाय. पाणी तापलं की आवाजाचा वेग बदलतो, पण इतका नाही. गोड्या पाण्यात आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला १४८२ मीटर, ३० अंशांना १५०९. म्हणजे ४ मीटरला फार तर ७ सेंटीमीटरचा फरक.

बरोब्बर दुप्पट आकडा आला की तो दुसरा प्रतिध्वनी समजायचा: तळावरून वर, पाण्याच्या पृष्ठभागावरून पुन्हा खाली, मग परत वर. किमान खोलीचं सेटिंग ५ मीटरवर असेल, तर पहिला प्रतिध्वनी यंत्र सोडूनच देतं. ते १ मीटरवर आणा, गेन (प्रतिध्वनी किती वाढवून घ्यायचा ते सेटिंग) कमी करा.

आकडा अधूनमधून गायबच होत असेल तर बुडबुडे बघा. २०० किलोहर्ट्झला पृष्ठभागाजवळ साधारण १६ मायक्रॉन त्रिज्येचा बुडबुडा अनुनाद करतो (त्या आवाजाच्या लयीत जोरात कंप पावतो), आणि असला डोळ्यांना न दिसणारा बुडबुडा आपल्या आकाराच्या मानाने फारच जास्त आवाज विखुरतो. कुजलेल्या गाळातूनही वायू सुटतो, तो वेगळाच. ट्रान्सड्यूसरची, म्हणजे आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणाऱ्या भागाची, खालची बाजू साबणाच्या पाण्याने पुसा (कोरड्या फडक्याने नव्हे, हवा चिकटून राहते) आणि मोटरपासून लांब, २० सेंटीमीटर खोल बुडवा.

मग यंत्र बरोबर मोजतं का ते बघायला दोरीला लोखंडी ताटली बांधून ट्रान्सड्यूसरच्या खाली मोजून २ मीटरवर सोडा. आकडा २ आला नाही, तर आधी दोरी पुन्हा मोजा. ओल्या दोरीची लांबी बदलू शकते.