कुंपण आहे म्हणून मोकळं सोडायचं?

कोणीतरी म्हटलंय की डॉग पार्कला (कुत्र्यांना मोकळं खेळायला सोडायची जागा) कुंपण असतंच, कुत्रा सोडायचा आणि बाकावर फोन बघत बसायचं. अहो, नाही चालत तसं! आमच्या न्यूयॉर्कमधे तर कुत्र्याचं लायसन्स आणि रेबीजची लस दोन्ही लागतं, कोणी विचारलं तर दाखवायला पुरावाही जवळ हवा. कुंपण नसलेल्या ज्या पार्कात ऑफ-लीश, म्हणजे पट्ट्याशिवाय, चालतं तिथेही सकाळी ९ पर्यंत आणि रात्री ९ नंतरच, एरवी पट्टा ६ फुटांपेक्षा लांब नको. शी उचलायचा कायदा तर १९७८ चा आहे, तरी लोक इकडेतिकडे बघत सटकतातच, काय बोलणार.

पण माझ्या मते खरी भांडणं खेळणी आणि खाऊवरून होतात. एकाने खिशातून ट्रीट काढली की पाच जण धावत येतात आणि त्यातला एखादा गुरगुरतोच, मग मालक म्हणणार 'माझा कधीच चावत नाही हो'. शेपूट ताठ, अंग कडक, नजर रोखलेली दिसली की लगेच बोलवून घ्यायचं, त्यासाठी लक्ष हवं ना. आणि हो, माजावर आलेली मादी किंवा लसी पूर्ण न झालेलं पिल्लू अजिबात आणू नका, पार्वो (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) मातीतूनही होतो.