वांदर, वानर, माकड, कपी : कोणाला काय म्हणायचं?

जळगाव-धुळ्याकडे आपण सर्रास वांदर म्हणतो आणि पोरं पुण्याला शिकायला गेली की हा शब्द बोलायचं सोडून देतात, कारण वांदर म्हणजे हिंदी बंदरचा बिघडलेला अवतार आणि शुद्ध मराठी म्हणजे माकड असं कोणीतरी डोक्यात भरवून दिलेलं असतं. हे साफ चुकीचं आहे. वांदर सरळ संस्कृत वानरवरून आलाय. प्राकृतात वाणर झाला, पुढे न आणि र लागोपाठ म्हणताना जीभ मधे आपोआप द लावते, झालं वांदर. पंधराचंही तेच, प्राकृतात पण्णरह होतं, तिथे मधे ध घुसला. गुजरातीत वांदरो, हिंदीत बंदर, सगळी एकाच घरातली भावंडं, आणि उलट वानरमधला जुना व आपण जपलाय, हिंदीने त्याचा ब केला.

आता वानर कुठून आला? वन + नर, जंगलातला माणूस, असं शाळेत सांगतात, पण ते जोडलं तर वननर होईल, वानर कसं होणार? जुने कोशकार दोन व्युत्पत्त्या देतात. एक, वान म्हणजे वनातली फळंबिळं, ती घेणारा तो वानर. दुसरी, 'वा नरः', म्हणजे हा नरच की काय! दुसरी ऐकायला भारी आहे पण मला ती मागाहून जुळवलेली वाटते. वनाशी नातं मात्र पक्कं. आणि गंमत म्हणजे जंगलातला माणूस हाच अर्थ मलय भाषेत खरोखर आहे, ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे जंगल, त्यावरून ओरांगउटान.

माकडचं कुळ वेगळं. मर्कट, मग मक्कड, मग माकड, जसं कर्म-कम्म-काम. संस्कृतात मर्कट म्हणजे कोळीसुद्धा, हिंदीतली मकडी तिथूनच आली.

पण शब्द दोन आहेत कारण प्राणीही दोन आहेत. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांब शेपटीचं ते वानर, आपल्या अहिराणीत 'काया तोंडनं वांदर'. त्यांच्या टोळीतला दांडगा नर तो हुप्प्या, हुप्प आवाजावरून. लालसर तोंडाचं, तपकिरी ते माकड. चाळीसगावजवळ पाटणादेवीला किंवा सातपुड्यात दिसतात ती बहुतेक वानरं, आणि मोबाईलवर फोटो टाकताना लोक खाली माकड लिहितात. त्यांची शेपटी नीट बघा, चालताना पाठीवरून कमान करून पुढे डोक्याकडे वळते. दक्षिणेतल्या वानरांची मागे वळते, आणि अभ्यासकांनी या दोन तऱ्हांची सीमा साधारण तापी-गोदावरीची धरलीय. माकडांचंही तसंच, उत्तरेचं ऱ्हीसस आणि दक्षिणेचं टोपीवालं बॉनेट यांच्यातली जुनी सीमा पश्चिमेला तापीच धरत आलेत. म्हणजे ही वाटणी आपल्या दारातून जाते! वानरालाच हिंदी-इंग्रजीत लंगूर म्हणतात, तो शब्दही शेपटीचाच आहे, लांगूल म्हणजे शेपूट.

आता मला सगळ्यात खटकतं ते. चिंपांझी, गोरिला यांना पेपरात बिनधास्त माकड लिहितात. त्यांना शेपूट नसते. आपल्यालाही नाही, फक्त माकडहाड उरलंय, त्यामुळे ते माकडांपेक्षा आपले जवळचे नातेवाईक. त्यांच्यासाठी कपी हा शब्द मराठी शास्त्रीय लिखाणात आहे, आणि माणसासकट सगळ्यांसाठी नरवानर गण, तो विश्वकोशात आहे. हां, संस्कृतात कपी म्हणजे साधं माकडच, अर्जुनाच्या कपिध्वजावर मारुती बसलाय आणि मारुतीला शेपूट आहे, त्यामुळे हा नवा अर्थ ठरवून दिलेला आहे, मान्य. पण रोजच्या बोलण्यात कपी कोणी वापरत नाही, शब्द मोकळा पडलाय, तर तो या कामाला घ्यायला काय हरकत आहे? इंग्रजीतलं एप एप करत बसण्यापेक्षा बरंच. आसाममधला हूलॉक गिबन बघा, झाडावरून झाडावर हातांनी झोके घेत जातो, शेपूट नाही, त्याच्या बातमीच्या मथळ्यात 'दुर्मिळ माकड' न लिहिता 'दुर्मिळ कपी' लिहिलं तर अक्षरंसुद्धा कमीच लागतात.