मदत हवी आहे: ७ जोड्यांवर परम्युटेशन टेस्ट, लेबलं कशी फिरवायची?

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करतेय, प्रोजेक्टला विश्वामित्री नदीच्या पाण्याचा डेटा आहे, शहराच्या आधीची एक जागा आणि शहर संपल्यावरची एक, दोन्हीकडचं सॅम्पल एकाच दिवशी घेतलेलं, अशा ७ जोड्या. आकडे खूप स्क्यूड (एका बाजूला झुकलेले) आहेत म्हणून टी-टेस्ट नको वाटते, त्याऐवजी परम्युटेशन टेस्ट, म्हणजे लेबलं (कुठला आकडा कुठल्या जागेचा) फिरवून दरवेळी फरक काढायचा आणि खरा फरक त्यात किती टोकाचा आहे ते बघायचं.

एक सीनियर म्हणतो १४ही आकडे एकत्र करून लेबलं फिरव, ३४३२ प्रकार मिळतात. पण पाऊस पडला की दोन्हीकडचं पाणी सोबतच बदलतं ना, मग जोडी मोडून कसं चालेल? मला वाटतं नुसतं प्रत्येक फरकाचं चिन्ह उलटवायचं, म्हणजे १२८च प्रकार.

खरी अडचण पुढेच आहे. टू-साइडेड पी-व्हॅल्यू (जागांमध्ये खरा फरक नसताना, कुठल्याही दिशेने, निव्वळ योगायोगाने एवढा किंवा मोठा फरक दिसण्याची शक्यता) २/१२८, म्हणजे ०.०१५६ च्या खाली जाऊच शकत नाही, आणि माझे पॅरामीटर (पाण्यात मोजलेल्या गोष्टी) चार, एकाच वेळी अनेक टेस्ट करताना मर्यादा कडक करणाऱ्या बॉनफेरोनी पद्धतीला ०.०५ भागिले ४, म्हणजे ०.०१२५ लागतं, म्हणजे फरक कितीही मोठा असो, काहीच सिग्निफिकंट येणार नाही!

चारही पॅरामीटरची चिन्हं त्या त्या दिवसापुरती एकदमच उलटवून दरवेळी सगळ्यात मोठं स्टॅटिस्टिक घेतलं तर चालेल का? कुणी हे आर (R) सॉफ्टवेअरमध्ये केलंय का, प्लीज सांगा.